आत मानसं हायत

बोनकोडे गावचा एक गृहस्थ ऑफिसात माझ्या शेजारी बसतो. एका हॉस्पिटलच्या जुन्या सिस्टीममधल्या पेशंटच्या नोंदी बंद पुडक्यांसारख्या आहेत. त्या उघडून, जेसन या नव्या साच्यात बदलून हॉस्पिटलच्या नव्या सर्चमध्ये सोडायच्या, म्हणजे नाव टाकलं की पेशंट सापडेल, हे आमचं काम. प्रोग्राम चालवण्याआधी तो स्क्रीनवर बोटाने दोनदा टकटक करतो. "आत मानसं हायत," म्हणतो. मला हसू यायचं.

मागच्या महिन्यात मृत्यूची तारीख त्याच्या प्रोग्रामला वाचताच आली नाही, तो रकानाच गळला आणि सर्चमध्ये वारलेले सगळे हयात दिसू लागले. मी दुरुस्ती चालवणार, तर तो म्हणाला, "जरा थांब." सर्चमध्ये एक नाव टाईप केलं, टकटक केली आणि नावापुढचं 'हयात' बघत राहिला.

"आमची बहीन हाय ही." मग म्हणाला, "चालव आता."

सगळ्यांच्या मृत्यूच्या तारखा परत आल्या, तिची सोडून. यानेच काहीतरी केलं असणार, असं मी धरून चाललो. पण आठ दिवस तो रजेवर आहे, त्याचं लॉगिन बंद आहे, आणि तिच्या नोंदीतली 'शेवटचा बदल' ही वेळ रोज सकाळी पुढे सरकते.

आज ती नोंद उघडण्याआधी मीही दोनदा टकटक केली.