मावशींनी शिकवलेलं चाक

बॅटरीवरची पिकअप घेतली तेव्हा तिच्यासोबत स्टेपनी नव्हती, फक्त टायरमध्ये भरून पंक्चर बुजवायचं औषध होतं. मोखाड्यात पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "टायर फाटला तर हे औषध काय करणार? आणि बॅटरीखाली जॅक लावलास तर गाडी गेलीच समज!" त्यांनीच जुळणारं जादा चाक मिळवून दिलं आणि जॅक कुठे लावायचा ते दाखवून सरावासाठी माझ्याकडून दोनदा चाक बदलून घेतलं. मला तेव्हा कंटाळाच आला होता.

पुढे पोशेऱ्याच्या चढावर, मोगऱ्याच्या कळ्या नेताना, दगडाने टायर फाटला. फोनला रेंज नव्हती. मी न घाबरता चाक बदललं. कळ्या उमलायच्या आत बाजारात पोचल्या.

परतताना मावशींचे आभार मानायला थांबलो. त्यांनी आधी वाकून बदललेल्या चाकाचे नट तपासले, मग हसून चहा मागवला.