पहिल्या वर्गानं कुवेतला

विमानाच्या पहिल्या वर्गात माणसाला काय काय मिळतं, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस त्या काळच्या सोलापुरात एकच होता, आणि तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर उभा राहायचा. तो मी. मी चहाच्या गाड्यावर पोचलो की लोक बाकड्यावर सरकून जागा करायचे. "सांग की रं पुन्यांदा, खुर्ची केवढी हुती?" मी म्हणायचो, खुर्ची? अरे, त्या खुर्चीत आपल्या गल्लीतलं एक बिऱ्हाड चूलबोळक्यासकट राहिलं असतं, आणि वर पोटभाडेकरू ठेवला असता. पाय लांब केले तर पुढच्या माणसाच्या पाठीपर्यंत पोचायला मधे एसटीचा थांबा लागेल एवढी मोकळी जागा! लोक हसायचे, बशीतला चहा धोतरावर सांडायचे. मी त्या विमानात कशासाठी बसलो होतो, हे त्यातल्या एकूण एकाला ठाऊक होतं. तरी विचारायचे. आणि मी तरी सांगायचोच.

माझा थोरला भाऊ कुवेतला होता. आम्ही त्याला आण्णा म्हणायचो. मागाचा असा मेकॅनिक उभ्या सोलापुरात नव्हता. बिघडलेला माग आण्णा नुसता दारातून आत आला तरी घाबरून चालू व्हायचा. तिकडच्या एका शेठनं त्याला जनरेटर सांभाळायला नेलं. जाताना म्हणाला, "पासपोर्ट करून ठेव, वर्षात तुलाबी वडतो." मी पासपोर्ट केला, त्यातल्या फोटोत मी चोरासारखा दिसत होतो, आणि वाट बघत बसलो. बोलावणं आलं ते कारखान्याच्या हापिसात, ट्रंककॉलवर. मालकानं मला मागावरून बोलावून घेतलं आणि स्वतःच्या खुर्चीत बसवलं. मालकानं खुर्ची दिली तिथंच मी ओळखलं, खबर बरी नाही. जनरेटर फुटला होता. आण्णा भाजला होता. दवाखान्यात होता, बोलत होता, माझं नाव घेत होता. साध्या वर्गात आठवडाभर जागा नव्हती, म्हणून शेठनं पहिल्या वर्गाचं जाण्यायेण्याचं तिकीट पाठवलं होतं. कागदांचंही त्यानंच बघितलं.

आई उंबऱ्यावर बसली होती. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे. टँकरच्या रांगेत भांडून पाणी आणणारी बाई ती, रडणं तिला परवडत नसे. तिनं पेटीतली आपली सोलापुरी चादर काढली, नवी, घडी न मोडलेली, आणि माझ्या हातात दिली. "त्याला पांघरून आन. लई वारं असतंय म्हनं वर." मग म्हणाली, "त्याला घिऊनच यायचं. एकटा आलास तर दार उघडायची न्हाई मी, सांगून ठिवते."

तर मी पहिल्या वर्गात बसलो तो असा, काखेत चादर घेऊन.

आता कुवेत म्हणजे काही विलायत नव्हे. मुंबईहून उडालं की दुपारचं जेवण जिरायच्या आत पोचतो. पण पहिल्या वर्गाचे रिवाज लांबच्या प्रवासासाठी बनवलेले असतात, आणि जवळच्या प्रवासात ते सगळे कोंबावे लागतात. त्यामुळे तिथं फार धांदल असते. बसतो न बसतो तोच सरबत येतं. सरबताला ओठ लागतो न लागतो तोच पेला जातो आणि पांढरं कापड अंथरतात. त्यावर काटे, सुऱ्या, चमचे असे मांडतात की मला वाटलं शस्त्रक्रिया आहे. पाणी म्हणून एक पातळ सार येतं, मग मासा येतो, मग चाकाच्या गाड्यावरून एक अख्खी कोंबडी येते आणि एक माणूस तिच्यापुढं अदबीनं उभा राहून विचारतो, कुठला भाग देऊ? लोकांना मी सांगतो की मी म्हणालो, "पाय सोडून सगळं." खरं म्हणजे मी कोंबडीकडं बघितलंही नाही.

कारण त्याआधी तो टॉवेल आला होता.

टॉवेल आम्ही विणतो, टॉवेलावर आम्ही जगतो, पण टॉवेल म्हणजे काय हे आमच्याकडं नीट समजून घ्यावं लागतं. कारखान्यात दोन जातींचा माल निघायचा. एक अंग पुसायचा. दुसरा आहेराचा: पातळ, खळ लावून कडक केलेला, पाणी शोषण्याऐवजी अंगावरून ओघळू देणारा. त्यानं कुणी कधी अंग पुसत नाही. तो लग्नात व्याह्याच्या खांद्यावर पडतो, व्याही तो जपून ठेवून दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो, असं करत एकेक टॉवेल तीन पिढ्या तालुका फिरतो आणि कोरा तो कोराच. आणि घरात कुणी गेलं की दुखवट्याला सोयरे येतात, तेही टोपी-टॉवेल घेऊन. डोक्याला टोपी घालतात, खांद्यावर टॉवेल टाकतात. तोंडानं कुणी फार बोलत नाही. टॉवेल पडला की माणसाला कळतं, आता आपलं माणूस गेलं ते गेलं.

विमान आभाळात गेलं, आणि ती हवाई सुंदरी एक ताटली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ताटलीत पांढरे टॉवेल, वळकटी केलेले. तिनं एक उचलला, तो हातानं नाही, चिमट्यानं! आणि लांबून, मला शिवणार नाही अशा बेतानं, माझ्यापुढं धरला.

टॉवेल. पांढरा. ओला. आणि मला शिवायचं नाही.

मला सुतक लागलं होतं. दुसरा अर्थ माझ्या डोक्यात येईचना. खाली तार आली असणार, तारेवरून वर वायरलेस आलं असणार, या सगळ्यांना कळलं असणार, म्हणूनच आल्यापासून ही माणसं इतकी हळू बोलतात, म्हणूनच सरबत, म्हणूनच मालकाची खुर्ची, म्हणूनच पहिला वर्ग! गरिबाला कुणी फुकट पहिल्या वर्गात बसवतं का? मी दोन्ही हात पाठीमागं लपवले. म्हणालो, "मी घेनार न्हाई."

ती हसली. टॉवेलातून वाफ निघत होती.

"घेनार न्हाई म्हनलं ना! मला बघू दे आदी. बघितल्याबिगार मी खांद्यावर घेनार न्हाई!"

शेजारच्या खुर्चीत कुणी सिंधी शेठ होता, त्यानं मान वळवली. "अरे भाई, मुंह पोंछने का है," म्हणाला, आणि स्वतःचा टॉवेल उलगडून खसाखसा तोंड, मान, मग कानामागंही पुसलं. मी आजूबाजूला बघितलं. सगळे तोंड पुसत होते. अख्ख्या पहिल्या वर्गाला सुतक असणं शक्य नव्हतं. मी टॉवेल घेतला. वीण चांगली होती, किनार ओबडधोबड होती, हे माझ्या बोटांनी माझ्याआधी बघितलं. पण तोंड काही मला पुसवलं नाही. पुढं मासा आला आणि गेला, कोंबडी आली आणि गेली, आणि मी खिडकीबाहेर बघत आण्णाला मनात बजावत राहिलो: थांब, आलोच. जरा दम धर.

आणि त्यानं दम धरला होता!

आण्णा जिवंत होता. मानेपासून खाली पट्ट्यांत गुंडाळलेला, पण तोंड तेवढं वाचलेलं. मला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आमच्या घराण्यात डोळ्यांत पाणी आलं की तोंडातून टोमणा येतो.

"कशानं आलास?"

"इमानानं."

"ते ठाव हाय की. समुद्रातनं चालत येनार हुतास व्हय?"

"फष्ट क्लासनं आलो, आण्णा."

तो हसायला गेला आणि कळवळला. "थापाड्या! मरायला टेकलेल्या मानसाला तरी खरं सांग की."

जन्मभर थापा मारल्या तेव्हा त्या खपल्या, आणि एवढं एक खरं बोललो ते त्याला खरं वाटेना. मग मी सांगायला बसलो. खुर्ची सांगितली, कोंबडी सांगितली, कोंबडी त्या दिवशी शहामृगाएवढी झाली. टॉवेल सांगितला, चिमटा सांगितला, मी कसे हात लपवले ते करून दाखवलं. आण्णा "हसवू नको, दुखतंय," म्हणायचा आणि परत विचारायचा. चादर मात्र त्याच्यावर घालता आली नाही. भाजलेल्या अंगाला कापड सोसत नव्हतं. मी ती पायथ्याशी ठेवली, घडी न मोडता.

"खुर्ची मागं पडती का?" त्यानं विचारलं.

"पडती की. आडवं निजायला येतंय."

"मग जाताना मला तसली पायजे. खिडकीकडची. तू भायेर बस, तुला काय बघायचंय, तुझं बघून झालंय."

"बरं."

"आई काय म्हनली?"

"तुला घिऊनच ये म्हनली."

"मग घिऊन चल की," तो म्हणाला, आणि डोळे मिटले. त्यानंतरही तो काही दिवस होता. पण बोलला असा नाही. तो गेला तेव्हा मी शेजारीच होतो आणि त्याला आणखी एक थाप सांगत होतो. ती मी अर्धी सोडली. तेवढी एकच गोष्ट मी कुणाला पुढं सांगितलेली नाही.

परतीचं तिकीट पहिल्या वर्गाचंच होतं. शेठच्या माणसांनी सगळं केलं. चादरीची घडी शेवटी विमानतळावर मोडली, आण्णाच्या पेटीवर. मग पेटी चादरीसकट मालाच्या दारातून विमानाच्या पोटात गेली आणि मी पुढच्या शिडीनं वर गेलो. एका आईची दोन लेकरं एकाच विमानात, एक वर गालिच्यावर, एक खाली सामानात.

खिडकीकडची खुर्ची रिकामी होती. सुंदरीनं खुणेनं विचारलं, सरकणार का? मी मान हलवली. बाहेरच्या बाजूला बसून राहिलो. सरबत आलं, कापड अंथरलं, काटे मांडले, सगळी तीच धांदल. आणि टॉवेल आला, चिमट्यातून. या खेपेला मी हात लपवले नाहीत. घेतला, उलगडला, आणि खांद्यावर टाकला. ओला गरम टॉवेल होता, बघता बघता गार झाला. तेवढ्यात ती परत आली आणि चिमट्यानंच तो माझ्या खांद्यावरून उचलून घेऊन गेली. त्यांना टॉवेल परत लागतात. आमच्याकडं दुखवट्याचा टॉवेल कुणी काढून नेत नाही.

आई दारातच उभी होती. पेटी उतरवताना तिनं मला काही विचारलं नाही, दारही बंद केलं नाही. पण माझ्याशी बोललीही नाही. आण्णाला पोचवून आलो तरी नाही, दहावा झाला तरी नाही. पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवायची आणि भिंतीकडं बघायची. मला कळत होतं. ती म्हणाली होती घेऊन ये, आणि मी जे आणलं ते तिच्या हिशेबी आणणं नव्हतं. मी एकटाच आलो होतो.

तेराव्याला मांडवात सोयरे जमले. एकेकानं टोपी घातली, टॉवेल टाकला. खांदा भरला तसे टॉवेल मांडीवर पडायला लागले. सगळे आहेराचे, खळ लावलेले. त्यातले काही मीच विणलेले असतील. मग माझा मेव्हणा आला. त्यानं टॉवेल टाकला, गळामिठी घातली, आणि मिठीतच कानाशी म्हणाला, "दाजी, वंगाळ झालं. लई वंगाळ झालं. पन काय ओ, त्या फष्ट क्लासात जेवायला काय देत्यात?"

मी त्याला ढकलून द्यायला हवं होतं. पण शेजारच्या चुलत्यानं कान टवकारला, त्याच्या पलीकडच्यानं मान पुढं केली, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मी सांगायला लागलो. सरबत, सार, मासा. कोंबडी आली तेव्हा मांडवात मागं कुणीतरी हसलं, आणि एक हसला की बाकीच्यांना आवरत नाही. दुखवट्याच्या मांडवात माणसं टोप्या तोंडाला लावून हसत होती आणि मी टॉवेलांच्या ढिगात बसून हातवारे करत होतो.

"आन् त्यो कुटं हुता?"

आतून, बायकांतून, आई बोलली होती. बोलायची थांबली होती तेव्हापासून पहिल्यांदा. टोप्या तोंडावरून खाली आल्या. मेव्हण्यानं मान खाली घातली.

मी म्हणालो, "माझ्या शेजारी, आई."

"कुटं शेजारी?"

"खिडकीकडच्या खुर्चीत. खुर्ची मागं पडती, आडवा निजला हुता."

"चादर?"

"पांघरली हुती. गळ्यापतूर."

आईनं पेटी बघितली होती. उतरवताना तिनं स्वतः तिला हात लावला होता. तरी ती म्हणाली, "म्हंजे एकटा न्हाई आलास."

"न्हाई आई."

"खिडकीतनं त्याला काय दिसलं?"

"सगळं दिसलं," मी म्हणालो. "आपलं तळं दिसलं. किल्ला दिसला. गिरणीची चिमणी दिसली, तिचा धूर आपल्या गल्लीकडं चालला हुता. मग आपलं घर दिसलं, आन् तू उंबऱ्यावर बसलेली. त्यो म्हनला, बघ, म्हातारी वाट बघतीया."

विमान मुंबईला उतरलं होतं. तिथून सोलापूर अख्ख्या रात्रीच्या वाटेवर होतं. मांडवात ते सगळ्यांना माहीत होतं. मेव्हण्यानं माझ्या मांडीवरून घसरलेला एक टॉवेल उचलून परत माझ्या खांद्यावर ठेवला, आणि आतून आई म्हणाली, "सांग की पुढं."