टेलचं पाणी

पाणी दिसलं की काका आधी कडेचं एक हिरवं पान तोडायचे, पाण्यात सोडायचे आणि मनगटावरचं घड्याळ बघत त्याच्या बरोबरीनं चालायला सज्ज व्हायचे. थोडा वेळ थांबून म्हणायचे, "चाल नाही."

ॲमस्टरडॅमजवळच्या हूफडॉर्पला आमच्या घरांमागून जाणाऱ्या चारीत पानाला चाल कधीच नसायची. पडलं तिथंच राहायचं. काका काठावर उभे, तोंडावर निळा मास्क, आणि पानाकडे असे बघायचे की जणू हाताखालचा माणूस कामचुकार निघालाय.

ते आमच्या शेजाऱ्याचे वडील. फलटणकडचे, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. फेब्रुवारीत मुलाकडे आले. काकू भाचीचं लग्न उरकून एप्रिलमध्ये येणार होत्या. मार्चमध्ये करोनामुळे विमानं बंद झाली. काका इकडे, काकू तिकडे.

मी सकाळी लॅपटॉप उघडण्याआधी चालायला जायची. दीड मीटर अंतर राखून तेही येऊ लागले. एकदा मी सांगितलं की हा सगळा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, पूर्वी इथं मोठं तळं होतं. ते जागच्या जागी थांबले.

"म्हणजे आपण बुडीत क्षेत्रात राहतोय?"

"हो."

"आणि पुनर्वसन?"

कालव्याच्या शेवटाला टेल म्हणतात. टेलच्या शेतकऱ्याला पाणी सगळ्यांत शेवटी, तेही पोचलं तर. नोकरीभर काकांनी एकच प्रश्न विचारला असावा आणि तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. मी डबाभर थालीपीठं पाठवली तरी सुनेला विचारायचे, "टेलला पोचलं का?" म्हणजे नातीला मिळालं का. नातीची शाळा तेव्हा घरातल्या पडद्यावर भरायची. "बाई शिकवतायत, पण टेलला पोचतंय का?" असं पालुपद धरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला ती फार वेळ सोसत नाहीत. काकांचं सोसलं.

ॲमस्टरडॅम आमच्याकडून रेल्वेनं जेमतेम पाव तास. मुलगा दर शनिवारी म्हणायचा, "बाबा, चला." उत्तर ठरलेलं, "जोडीनं बघायचं ठरलंय." काकूंचा सगळा संसार कालव्याकाठच्या सरकारी वसाहतीत झाला होता. एक अख्खं शहर कालव्यांवर वसलंय हे त्यांनीच कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिलं आणि ते पान वर्ष संपलं तरी भिंतीवरून काढलं नव्हतं.

"काका, विमानांचा भरवसा नाही, व्हिसाचा तर नाहीच. बघून घ्या," मी दोनदा बजावलं.

"तुमचं बरोबर आहे ताई," ते म्हणाले आणि गेले नाहीत.

जूनअखेर भारतात परतणाऱ्यांच्या खास विमानात त्यांना जागा मिळाली. चार दिवसांनी निघायचं. त्या संध्याकाळी कुंपणापलीकडे त्यांचा फोन चालू होता. कानांना त्रास, म्हणून स्पीकरवर.

"बघून या," काकू म्हणत होत्या.

"तुझ्याशिवाय?"

"एकानं तरी बघा. मी टेलची. मला मागनं मिळंल."

"टेलला मिळत नाही, तुला माहितेय."

"मग तुम्ही निरीक्षक कशाचे? पोचवा की! आणि तिथं बायका धुणं कुठं धुतात तेही बघा. कॅलेंडरात घाट दिसत नव्हता."

मुलाला रजा नव्हती. मी घेऊन गेले.

एरवी ज्या पुलांवर उभं राहायला जागा नसते, त्यांवर आम्ही दोघंच. पर्यटकांच्या बोटी काठाला बांधलेल्या. एकमेकींना खांदा लावून उभी असलेली ती उंच, अरुंद घरं मी त्यांना दाखवत होते; ते खाली वाकून दगडी भिंती बघत होते. "बांधकाम पक्कं आहे. गळती नाही." मग काठानं बरंच चालून, "घाट नाही. धुणं घरातच धुतात म्हणायचं."

मग पान तोडलं. सोडलं. ते हललं.

"वाऱ्यानं हलतंय," मी म्हटलं.

काकांनी खिशातला रुमाल काढून हातभर लांब धरला. तो उलटा फडफडत त्यांच्याच अंगावर आला. "वारा समोरून आहे, ताई." पान त्या वाऱ्यावर कुरघोडी करत, सावकाश, पुढे सरकत होतं. ते बरोबरीनं चालले. वीस पावलं झाली, चाळीस झाली. पुढच्या पुलाखाली पान दिसेनासं झालं तेव्हा थांबले.

"कुठंतरी कुणीतरी पाण्याचं दार उघडलंय," ते म्हणाले.

मी फोटो काढायला फोन काढला. त्यांनी हातानंच नको म्हटलं. "फोटोत चाल दिसत नाही. घरी गेल्यावर सांगेन, समोर बसून."

ते गेले. समोर बसून सांगितलं असणार. पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, काका वारले. मुलाला वेळेत पोचता आलं नाही.

दोनेक महिन्यांनी काकूंचा मला फोन आला. आमचं आधी कधी बोलणं झालं नव्हतं.

"ताई, खरं सांगा. हे त्या शहरात गेले होते ना? मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगायचे."

"गेले होते. मी बरोबर होते."

"आणि पान?"

"वाहत होतं, काकू. वारा समोरून होता."



"मग पोचलं," त्या म्हणाल्या.