काचेआडचं ऊन

अख्खी इमारत तिला भिंगरी म्हणायची. कामधंदा पडदे शिवायचा, पण बाई एका जागी बसून शिवेल तर शपथ. एक शिवण घातली की पातेल्यात डोकाव, दुसरी घातली की खिडकीशी जा. सासूबाई म्हणायच्या, चाकं हिच्या पायांनाच आहेत, मशीनला उगाच लावलीत.

मुलगा मात्र अगदी उलट. ठेवाल तिथे ठोंब्या.

जन्मानंतर दवाखान्यातून ड जीवनसत्त्वाच्या थेंबांची बाटली मिळाली होती. धडधाकट पोराला औषधं कशाला, ऊन आहे की फुकटचं, म्हणत सासूबाईंनी ती फळीवर मागे सारली. भिंगरीला पटलं. गिऱ्हाइकांच्या खोल्या अंधाऱ्या करणाऱ्या बाईने स्वतःच्या खिडकीचा पडदा काढून टाकला आणि वारा लागू नये म्हणून बंद काचेआड ठोंब्याची दुपटी पसरली. ऊन सरकलं की दुपटी सरकायची. शेजारणींना हे सांगताना काय तो तोरा!

मग ठोंब्या दूध पिताना दमायला लागला. दोन घोट घ्यायचा, थांबायचा, कपाळ घामाने डबडबायचं. उकडत असेल, म्हणाल्या सासूबाई. भिंगरीने दुपटी सावलीत ओढली. पण झोपेतही छाती भात्यासारखी हलताना दिसली, तेव्हा अर्धा शिवलेला पडदा खांद्यावर तसाच ठेवून ती त्याला घेऊन दवाखान्याकडे पळत सुटली.

डॉक्टरीणबाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली. हृदय मोठं होऊन ढिलं पडलं होतं. रक्तात ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच, त्यापायी कॅल्शियमही तळाला गेलेलं. तेवढ्या कॅल्शियमवर हृदयाला जोर कुठून येणार?

"अहो, पण रोज उन्हात ठेवते त्याला."

"खिडकी उघडून?"

"बंद."

"काचेतून ऊब येते. ड जीवनसत्त्व बनवणारी किरणं काचेतच अडतात."

म्हणजे एक पडदा तिने काढला होता, दुसरा डोळ्यांना दिसलाच नव्हता.

"सैल पडलेलं इलॅस्टिक आम्ही बदलून टाकतो," ती म्हणाली. "याचं काय करायचं?"

"या कारणाने बिघडलेलं हृदय बहुतेक वेळा सावरतं. पण महिने लागतील. आज शब्द देत नाही."

शिरेतून कॅल्शियम झालं, औषधं झाली, थेंब सुरू झाले. घरी आल्यावर भिंगरीची भिंगरी दुप्पट फिरू लागली. वीतभर शिवण, की ऊठ, ठोंब्याच्या छातीवर हात ठेव. सासूबाई दर थोड्या वेळाने विचारायच्या, थेंब दिलेस का गं? एकदा उत्तराची वाट न बघता बाटली उघडून बसल्या. जास्त झाले तरी अपाय होतो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तेव्हापासून बाटली भिंगरीच्या गळ्यात, पडद्याच्या दोरीला बांधलेली. सासूबाई फळीवरची ती रिकामी जागा मात्र रोज पुसायच्या.

पुढच्या तपासणीला ठोंब्या टेबलावर स्थिर राहीना. इकडे वळ, तिकडे लाथ झाड, यंत्राची वायर ओढ. दोघींनी धरला तेव्हा कुठे हृदय दिसलं.

"आकसलंय. अजून पूर्ण नाही, पण रक्त चांगलं ढकलतंय. थेंब चालू ठेवा."

सासूबाईंनी निसटणारा पाय घट्ट धरला. "आईवरच गेलाय," त्या म्हणाल्या. "यालाही चाकं आहेत."

भिंगरी खुर्चीवर बसली, आणि बराच वेळ उठलीच नाही.