तहसीलसमोरचे लिहिणारे

औरादला तहसीलसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. लिहून पोट भरणारे तिघं रोज तिथं टेकतात. कागद कापला की खाली कपटे पडतात, तसे या तिघांचे किस्से पडत राहतात. मी झाडून काढत नाही, एवढंच!

नागनाथ पेपरचा बातमीदार. कापड दुकानाच्या अप्पांनी त्याला रिक्षावरून पुकारायची जाहिरात लिहायला सांगितली. त्यानं मन लावून लिहिली : ‘साड्यांवर मोठी सूट. काही साड्यांचा रंग जातो असा ग्राहकांचा आरोप. दुकानदाराने तो फेटाळला.’

अप्पांनी शांतपणे विचारलं, "दुकान माझं चालवायलास का समोरच्याचं?"

नागनाथ म्हणाला, दोन्ही बाजू घ्याव्याच लागतात.

त्यानंच पुतणीची लग्नपत्रिका लिहिली. महत्त्वाचं आधी, ही बातमीची सवय. पहिल्या ओळीत जेवण, नवरा-नवरी शेवटी. भाऊ चिडला. पाहुण्यांपैकी मात्र कुणी तक्रार केली नाही.

सुनंदाअक्का हुमनाबादच्या एका कारखान्यासाठी पंपाची माहितीपुस्तकं लिहितात. उदगीरला लग्नाला जाताना त्यांनी नवऱ्याला चहाची कृती लिहून दिली. ‘पातेले शेगडीवर असल्याची खात्री करा’ इथपासून ‘चहा कपात ओता’ इथपर्यंत. अक्का मांडवात असताना फोन आला. ओतलाय, पुढं काय करू?

"पुढं काय म्हंजे?"

"प्या म्हणून कुठं लिवलंय?"

तेव्हापासून अक्कांच्या प्रत्येक पुस्तकात शेवटची ओळ असते : ‘आता पंप वापरा.’

महादप्पा माझ्या पायरीशी टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितात. दिवसभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकून घरी गेले की तोंड उघडायचे नाहीत. शेवटी त्यांची बायको, शांताबाई, कंटाळून हळ्ळीखेडला माहेरी निघून गेली. महादप्पांना घास गिळेना. फोन उचलायचे, काय बोलावं सुचेना, परत ठेवायचे.

बाजाराच्या दिवशी टेबलापुढं गर्दी होती. समोर कुणीतरी येऊन बसलं. मान वर न करता महादप्पांनी विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध?

"तुमच्याविरुद्ध."

शांताबाई होत्या. महादप्पांनी कोरा कागद ओढला. त्या सांगत गेल्या. जेवताना बोलत नाहीत. काही विचारलं तर नुसतं हूं म्हणतात. ताप आला तेव्हा शेजारणीनं विचारलं, यांनी नाही. महादप्पांनी एक शब्द न बदलता सगळं लिहिलं. मग सगळ्यांना वाचून दाखवतात तसं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मागणी काय लिवू?"

शांताबाईंनी पदर सावरला.

"लिवा, आता घरी चला. वाटंनं बोलत चला."