भुंग्याचा पहिला कार्यक्रम

ऑर्केस्ट्रात एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांना कीबोर्डची फोडणी घातल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी भुंग्याला साक्षात्कार झाला की संगीतात स्वर फार झाले आहेत. त्याने ऑर्केस्ट्रा सोडला, थोरल्या बहिणीच्या घरातली मागची खोली बळकावली आणि तिथे चार इलेक्ट्रॉनिक यंत्रं मांडून एकट्याचं संगीत सुरू केलं. संगीत म्हणजे एक घरघर. सकाळी नऊला सुरू होई, दुपारी किंचित जाड होई. तेवढा बदलही आपल्या हातून भावनेच्या भरात झाला, असं तो खेदाने सांगे. 'भुंगा' हे नाव भावोजींनी ठेवलेलं. त्यांची उशी त्याच भिंतीला लागून होती.

ताईला त्या खोलीत शिवणवर्ग काढायचा होता. सुरुवातीला तिने एकदाच दारातून विचारलं होतं, "हे मशीन तापतंय, की सुरू झालं?" त्यावर त्याने पाऊण तास समजावून सांगितलं. पुन्हा तिने विचारलं नाही. दोन वर्षं कळ काढल्यावर मात्र तिने अट घातली: एक जाहीर कार्यक्रम करायचा. लोकांनी परत बोलावलं तर खोली त्याची, नाही तर शिलाई मशिनांची.

वाचनालयाच्या सभागृहात तेवीस जाणकार जमले. जाणकार म्हणजे, काही कळलं नाही तरी ज्यांना उठून जाता येत नाही असे लोक. भुंग्याने हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि एका बटणावर बोट ठेवलं.

मागे बसलेला साउंडवाला तीस वर्षं सभा-संमेलनांत मुरलेला. घरघर कानावर पडताच त्याने ताडलं, अर्थिंगचा घोळ. वायर बदलली, प्लग हलवून पाहिला. शेवटी घरघर ज्या वाटेने स्पीकरकडे येत होती ती वाटच मिक्सरवर बंद केली. मग कलाकार कधी वाजवायला लागतो याची वाट पाहत बसला.

पुढची चाळीस मिनिटं सभागृहात पंखा वाजला. भुंगा हेडफोनमध्ये स्वतःचंच ऐकत डोलत होता, त्याच्याकडे बघून जाणकार डोलत होते. एक खुर्ची करकरली, तिला दोघांनी दाद दिली.

टाळ्या थांबल्यावर वाचनालयाचे अध्यक्ष डोळे टिपत म्हणाले, की इतका संयम त्यांनी कुठल्याच कलाकारात पाहिला नव्हता. आता दर महिन्याला कार्यक्रम व्हायलाच हवा. ते चहाकडे वळले, तसा साउंडवाला पुढे आला.

"ती घरघर मी पहिल्याच मिनिटाला काढली हं. नंतर काही त्रास नाही ना झाला?"

भुंग्याने आधी अध्यक्षांच्या पाठीकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या ताईकडे. सभागृहात काय वाजलं नाही, हे ओळखणारी ती एकटीच होती.

"पुढच्या महिन्यात तुम्हीच याल ना?" त्याने साउंडवाल्याला विचारलं.

परतताना अर्ध्या रस्त्यात ताई म्हणाली, "हेच घरी वाजवलं असतंस, तर मी खोली मागितलीच नसती."

खोली त्याचीच राहिली. फक्त रोज सकाळी नऊला ताई दारात येते आणि हेडफोन कानांवर आहेत ना, ते बघून जाते.