कडी एकवर ठेवा

शनिवारी सकाळी टेक्ससमधल्या प्लेनोतला देसी माणूस कुठे सापडेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मुलांच्या क्लासबाहेर गाडीत, नाहीतर किराण्याच्या दुकानात कोथिंबीर निवडताना. प्रताप घोरपडे मात्र डेल नावाच्या म्हाताऱ्याच्या बंदुकांच्या दुकानात, स्कोपच्या, म्हणजे बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणींच्या काउंटरपाशी, उंच स्टुलावर बसलेला असे. तो तिथे नोकरीला नव्हता. आठवडाभर एका टेलिकॉम कंपनीत डेटाबेस सांभाळायचा आणि शनिवारी इथे यायचा. आफ्रिकेला रानरेड्याच्या शिकारीला निघालेलं कुणी स्कोप घ्यायला आलं, की डेल नुसती मान हलवून त्याला प्रतापकडे धाडी.

प्रताप प्रत्येकाला तेच सांगे. आकड्यांना भुलू नका. पट बदलायच्या कडीवरचा सगळ्यात खालचा आकडा एक असला पाहिजे, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं आणि अंगावर आलेलं जनावर आख्खं दिसतं. डोळा आणि काच यांत चार बोटं जागा सुटली पाहिजे, नाहीतर बंदुकीच्या दणक्याने भुवई फुटते. आणि शेवटी, गिऱ्हाईक पैसे द्यायला वळलं की, "झाडीत शिरण्याआधी कडी एकवर आहे का बघा. हाताने चाचपून बघा." हे सांगताना त्याचा आवाज थोडा चढे. विक्षिप्त माणूस, असं म्हणून लोक निघून जात.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. प्रतापला ठेच लागली नव्हती, त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस मेला होता.

शिकारीचं वेड त्याला इथेच लागलं. ऑफिसातली मंडळी हरणांच्या मागे जायची, हाही एकदा गेला आणि त्याचा नेम चांगला निघाला. मग आफ्रिकेचं स्वप्न. बायको सुलेखा म्हणाली, "कोल्हापुरात उंदीर मारायला घाबरायचास तू!" पण हौसेला मोल नसतं. एक हिवाळा त्याने स्कोप निवडण्यात घालवला. हापूसच्या पेटीतला प्रत्येक आंबा हुंगून बघणारी आपली जात, त्यात हा डेटाबेसवाला. त्याला असा स्कोप हवा होता की जो हरणाला चालेल, डुकराला चालेल, रेड्याला चालेल. शेवटी एक ते आठ पटीचा सापडला. कडी फिरवली की एकपट, फिरवत नेली की आठपट.

"आता एक दुर्बीण घे," डेल म्हणाला होता. "बंदूक बघायला नसते. मारायला असते."

प्रताप मनात हसला होता. दुकानदार दोन वस्तू खपवणारच. आठपट दिसतंय तर दुर्बीण वेगळी कशाला? एकात दोन कामं झाली, या आनंदात तो घरी आला आणि त्याने सुलेखाला ते दोनदा ऐकवलं.

झिम्बाब्वेला त्याच्याबरोबर केया गेली. लेक तेव्हा सतरा वर्षांची, पक्ष्यांची वेडी. शिकारीचा तिला तिटकारा होता, पण तिथले पक्षी दुसरीकडे कुठे दिसणार? घाईघाईत तिची स्वतःची दुर्बीण टेक्ससच्या घरी, कपाटावर राहिली.

त्या सकाळी तंबूंजवळच्या टेबलावर, वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवलेली होती. रिकामी, गोळी भरायचा बोल्ट उघडा. नेम तपासून झाला होता, कडी एकवर होती. लांबच्या वठलेल्या झाडावर काहीतरी निळं-जांभळं येऊन बसलं आणि दुर्बिणीवाचून केया तडफडायला लागली. प्रतापनेच तिला बोलावलं. "ये, यातून बघ. आठपट आहे." तिने डोळा लावला, कडी टोकापर्यंत फिरवली आणि किंचाळली. आपल्याकडच्या चास पक्ष्याचा आफ्रिकेतला भाऊ होता तो. लेकीचा असा चेहरा प्रतापने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तो आनंदाने हसला आणि त्याच हसण्यात त्याने बंदूक उचलून तिच्या लांब पिशवीत घातली.

दुपारी रेडा दिसला तेव्हा तो शंभर पावलांवर होता. काचेत इतका मोठा आणि स्वच्छ दिसला की प्रतापला आपल्या निवडीचं कौतुकच वाटलं. तो इतका मोठा का दिसतोय, हे डोक्यात आलं नाही. गोळी जरा मागे लागली आणि जखमी रेडा दाट झाडीत शिरला. सोबतचा तिथला धंदेवाईक शिकारी, माग काढणारा तेंडाई आणि प्रताप त्याच्यामागे गेले. केया लांब गाडीत होती. दहा पावलांवरून रेडा अंगावर धावून आला. प्रतापने बंदूक खांद्याला लावली आणि काचेत त्याला नुसते काळे केस दिसले. डोकं कुठे, खांदा कुठे, काही कळेना. त्याने गोळी झाडली ती कुठे गेली ते कुणालाच सापडलं नाही. शिकाऱ्याची गोळी लागेपर्यंत तेंडाई रेड्याच्या शिंगांखाली होता.

तेंडाई संध्याकाळपर्यंत जगला नाही. चौकशीला आलेल्यांना प्रतापने सांगितलं, "कडी आठवर राहिली. मी विसरलो." कशी राहिली, कधी राहिली, हे कुणी विचारलं नाही. प्रतापचा विसरभोळेपणा घरात जगजाहीर होता. सुलेखाने हे ऐकलं आणि त्यानंतर कित्येक आठवडे ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. केयाने परतीच्या विमानात, खिडकीकडे तोंड करून म्हटलं, "अ मॅन इज डेड, बाबा. कारण कुणीतरी एक डायल चेक नाही केला."

तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? आपलेच दात, आपलेच ओठ. त्या रात्रीपासून त्याने एकच गोष्ट जपली. ती कडी कुणाच्या बोटांनी फिरली हे केयाला कधी आठवू नये. तिला तो पक्षी आठवत होता, कडी आठवत नव्हती. पोरगी बापाला माफ करत नव्हती आणि बापाला ते चालत होतं. खरं सांगायचं तर जिवाला फार लागत होतं, पण चालत होतं.

याला तीन वर्षं झाली. गेल्या शनिवारी प्रतापची गाडी गॅरेजमध्ये होती. केया कॉलेजातून सुट्टीला आलेली. ती म्हणाली, "मी ड्राइव्ह करते." दुकानात ती पहिल्यांदाच आली आणि टोप्यांच्या मांडणीपाशी फोन बघत उभी राहिली. प्रतापला तिला बाहेर थांब म्हणायचं होतं, पण कारण काय सांगणार?

तेवढ्यात यश आला. मूळ नागपूरचा, नुकताच सिटिझन झालेला, पुढच्या उन्हाळ्यात रेड्याला निघालेला. प्रतापला मराठी ऐकून बरं वाटलं.

"काका, मी फाइव्ह टू ट्वेंटीफाइव्ह बघतोय. फ्युचर-प्रूफ होईल ना यार, एकदाच घेऊन टाकायचं."

"रेडा काय चंद्रावर राहतो?" प्रताप म्हणाला. "एक ते सहा घे. आणि दुर्बीण वेगळी घे."

"सहापट स्कोप असताना दुर्बीण कशाला? डबल होतंय ते."

स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून प्रतापला राहवलं नाही. केया मागे आहे हे ठाऊक असून त्याने आवाज खाली आणला आणि सगळं सांगितलं. सकाळी तपासलेला नेम, एकवरची कडी, शंभर पावलं, झाडी, काळे केस, तेंडाई. डेलला मराठी कळत नव्हतं, पण चेहऱ्यावरून कळलं असावं. तो मागच्या खोलीत निघून गेला.

यशच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण पोरगा इंजिनियर. तो म्हणाला, "पण काका, सकाळी नेम तपासला तेव्हा कडी एकवर होती म्हणालात. मग मधे आठवर कशी गेली?"

तीन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यामुळे त्याचं उत्तर प्रतापने तयार ठेवलं नव्हतं.

"मीच फिरवली," तो म्हणाला. "झाडावर एक पक्षी बसला होता. तो बघत होतो."

मागे टोप्यांपाशी केयाने फोन खिशात टाकला. मग केया काउंटरपाशी आली.

"बाबा, यू डोन्ट लुक अ‍ॅट बर्ड्स."

"बघतो कधीकधी."

"कुठला पक्षी?"

प्रतापला कावळा, चिमणी आणि पोपट एवढेच पक्षी ओळखता येत. तो म्हणाला, "होता कुठलातरी. निळा."

केयाने काउंटरवरचा स्कोप उचलला. अंगठा आणि एका बोटाने कडी टोकापर्यंत फिरवली. ती अगदी सहज फिरली. तिने तसाच तो हातात धरून ठेवला, मग कडी उलट फिरवून एकवर आणली आणि स्कोप यशसमोर ठेवला.

"बाय द बायनॉक्युलर्स," ती त्याला म्हणाली. "प्लीज."

गाडीत ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. किल्ली लावली नाही. पार्किंगमध्ये ऊन तापलं होतं आणि गाडी आतून भट्टी झाली होती.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"बंदूक माझी होती, केया. तुला ये म्हणणारा मी. दुर्बीण नको म्हणणाराही मी. नंतर न बघता पिशवीत घातली तीही मीच."

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."

त्याने मान हलवली. हो.

"विमानात मी म्हणाले होते, कुणीतरी..."

"ते मला म्हणाली होतीस," प्रताप घाईघाईने म्हणाला. "मलाच. आणि ते बरोबर होतं."

ती स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिली. प्रतापला ते हात धरावेसे वाटले, पण तीन वर्षांत त्याने तिला जवळ घेतलं नव्हतं आणि आता कसं सुरू करायचं हे त्याला कळेना. जपून ठेवलेली एवढी एकच गोष्ट होती, आणि ती आपण एका अनोळखी पोराला स्कोप निवडून देताना घालवली, हे त्याला कळून चुकलं.

थोड्या वेळाने केया दार उघडून उतरली आणि गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली.

"बाबा, तुम्ही चालवा," ती म्हणाली. "मला नाही जमणार."